रुबाबदार टायर आणि उंच गाडी : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी माझ्या सात आसनी, उंच गाडीचे मूळचे २३५/६५ आर १७ मापाचे हायवे टायर काढून २५५/६५ आर १७ मापाचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे, टायर बसवले आणि यंदाच्या मे महिन्यात, १९,००० किलोमीटर झाल्यावर, ते उतरवले. (मापातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा कडेची, म्हणजे रिमपासून नक्षीपर्यंतच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगणारा; आणि तिसरा रिमच्या व्यासाचा, इंचांत.) टायर फाटले नव्हते, गोटाही झाले नव्हते; नक्षी निम्म्याहून अधिक शिल्लक होती. तरीही ते का उतरवले, याचा हा हिशेब आहे. टायरच्या कंपनीचे, दुकानाचे आणि गाडीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या मापाचे आणि या जातीचे दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे टायर अशाच गाडीला बसवले असते तरी बहुतांशी हेच घडले असते. शिवाय दोष वाटून घ्यायचे म्हटले, तर त्यातला मोठा वाटा माझ्याच पदरात पडतो.

महिन्यातून तीनदा तरी मला कराडहून चिपळूणला जावे लागते. पाटण आणि कोयनानगरमार्गे हेळवाक, तिथून कुंभार्ली घाट उतरून पोफळी, आणि मग चिपळूणच्या पुढे आमच्या काजूच्या बागेपर्यंतचा चार किलोमीटरचा कच्चा, जांभ्या दगडाचा रस्ता, असा हा प्रवास आहे. त्या चार किलोमीटरांत मूळच्या टायरांची कड दोनदा कापली गेली होती, म्हणून जाड कडेचे टायर घ्यायचे ठरवले. दुकानदाराने मात्र विकताना कच्च्या रस्त्याचा उल्लेखही केला नाही. त्याचे म्हणणे असे, की "दादा, रुंद टायर टाका, गाडी रस्त्याला चिकटून बसते, वळणात हलायची नाही." बसवणे, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून ५६,००० रुपये मोजले, आणि कमानीत भरून आलेली ती काळीभोर चाके पाहून मला स्वतःलाही त्याचे म्हणणे पटले, हे कबूल केले पाहिजे.

कच्च्या रस्त्यावर हे टायर खरोखर उत्तम आहेत. चौदा महिन्यांत जांभ्याने एकदाही पंक्चर दिले नाही, पावसाळ्यात बागेच्या चढावर चाक जागच्या जागी फिरत बसले नाही, आणि खड्ड्याचा दणका निम्माच आत येतो. डांबरी रस्त्यावरचा घोंघाट वाढला आणि डिझेलही थोडे जास्त लागू लागले, पण ते अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते पहिल्याच फेरीत कुंभार्लीच्या वळणांवर लक्षात आले.

घाटाचा रस्ता मला पाठ आहे. कोणत्या वळणाला स्टिअरिंग किती फिरवायचे, हे हातांना माहीत झालेले असते. त्या दिवशी प्रत्येक वळणाला हात ठरल्याप्रमाणे फिरले, आणि गाडी क्षणभर विचार करून, काहीशा अनिच्छेने, आत वळली. मग थोडे आणखी स्टिअरिंग द्यावे लागले, आणि वळण संपताना ते परत घेताना गाडीचे वरचे अंग एकदा पलीकडे डोलून मग सरळ झाले. वेग नेहमीचाच होता. "रस्त्याला चिकटून बसणे" ते हेच असेल, तर मूळचे टायर जास्त चिकटत होते.

याचे कारण समजून घेण्यासाठी टायर वळण कसे घेतो, हे आधी पाहावे लागते. चाक वळवले की गाडी आपोआप त्या दिशेला जाते, असे आपल्याला वाटते, पण रबराच्या चाकाचे तसे नाही. चाकाचे तोंड एका दिशेला असते आणि चाक प्रत्यक्षात किंचित वेगळ्या दिशेने पुढे सरकत असते. या दोन दिशांमधल्या कोनाला इंजिनिअर स्लिप अँगल म्हणतात. या कोनामुळे जमिनीला टेकलेला, तळहाताहून थोडा मोठा असलेला रबराचा तुकडा आडवा ताणला जातो, आणि त्या ताणातून गाडीला आत ओढणारे आडवे बल निर्माण होते. घसरणे सुरू होण्यापूर्वी, म्हणजे रोजच्या वापरातल्या दोन-चार अंशांच्या टापूत, कोन जितका वाढवाल तितके बल वाढते. पण एका अंशाला किती बल मिळेल, हे त्या टायरच्या आडव्या ताठरपणावर अवलंबून असते. ऑल-टेरेन टायरची नक्षी खोल असते, तिचे ठोकळे सुटे आणि उंच असतात, आणि आडवा जोर आला की ते जमिनीवर टिकून असतानाही वाकतात. माझ्या टायरची कडही मूळच्यापेक्षा १३ मिलिमीटरने उंच होती. तेवढेच आडवे बल मिळवायला जास्त कोन लागला, म्हणून हाताला जास्त स्टिअरिंग लागले. गाडीची पकड कमी झाली होती असे नाही. ती उशिरा आणि अस्पष्टपणे मिळत होती.

हे केवळ मनाचे खेळ नाहीत याची खात्री करावी, म्हणून गळीत हंगाम संपल्यावर ओळखीच्या एका साखर कारखान्याचे ऊसगाड्या उभ्या करायचे काँक्रीटचे आवार मी परवानगी काढून एका सकाळी वापरले. मध्ये खुंटी धरून, वीस मीटर दोरीने फक्कीचे वर्तुळ आखले, स्टिअरिंगच्या माथ्यावर चिकटपट्टीची खूण केली, आणि मोबाइलच्या जीपीएसवर ताशी ३० किलोमीटर वेग धरून त्या रेषेवर फेऱ्या मारल्या. एकदा नव्या टायरांवर, आणि नंतर घरी ठेवलेले जुने टायर चढवून. या वेगाला, या वर्तुळात, गाडीवर गुरुत्वाच्या साधारण ३५ टक्के इतके आडवे त्वरण येते, म्हणजे घाटातल्या नेटक्या वळणाइतके. नव्या टायरांना चिकटपट्टी दोन बोटे पुढे न्यावी लागत होती. गाडीचा कल मात्र पुढून काढलेल्या चित्रीकरणात दोन्ही वेळा अडीच अंशांच्या आसपासच आला. (हा कल मोबाइलमधल्या पाणसळीने मोजता येत नाही, कारण वळणात ती पाणसळ सरळ सरळ खोटे बोलते, ती गुरुत्व आणि आडवे त्वरण यांची बेरीज दाखवते. पहिला तासभर मी त्यातच घालवला.) म्हणजे मला जे डोलणे जाणवत होते ते स्थिर कलाचे नव्हते, तर कल येण्याच्या आणि जाण्याच्या क्षणांतल्या ढिलाईचे होते.

त्याच सकाळी चाके खाली उतरलेली असताना आणखी एक गोष्ट सापडली, आणि माझ्या मते या व्यवहारातली खरी चूक तीच आहे. रिमच्या आतल्या अंगावर १७ × ६.५ जे असा ठसा होता, म्हणजे रिमची रुंदी साडेसहा इंच. २५५/६५ आर १७ या मापाला किमान सात इंच रुंदीची रिम लागते. टायर कंपन्यांच्या तक्त्यांत ते स्पष्ट छापलेले असते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, की त्याच्या कडा बुडाशी आत ओढल्या जातात, पोट बाहेर फुगते, आणि आडव्या जोराला उभ्या भिंतीसारखे तोंड देण्याऐवजी ती कड लवते. ज्या रुंदीसाठी मी जादा पैसे मोजले, त्या रुंदीचा फायदा रिमनेच खाऊन टाकला होता. दुकानात चार माणसे टायर चढवत होती, पण रिमवरचा ठसा एकानेही पाहिला नाही. मीही पाहिला नाही.

आता कलण्याचा आणि कलंडण्याचा मुद्दा. एसटीत उभ्याने प्रवास करताना गाडी उजवीकडे वळली की आपण डावीकडे कलतो, कारण पाय बसच्या तळाबरोबर उजवीकडे जातात आणि धड मागे राहते. उंच गाडीचे तेच होते. टायरचे आडवे बल जमिनीच्या पातळीवर आतल्या दिशेने ओढते, तर गाडीचे वजन दोन-सव्वादोन फूट वर असते. या अंतरामुळे जो पीळ निर्माण होतो, त्याने आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. समजा, गाडीचे वजन २,००० किलो, गुरुत्वमध्याची उंची ७० सेंटिमीटर आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १५२ सेंटिमीटर आहे. ३० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ४० किलोमीटर वेगाने सुमारे ३९० किलो भार आतून बाहेर जातो. म्हणजे एका बाजूला जवळपास १,३९०, तर दुसऱ्या बाजूला ६१० किलो. हेच वळण ताशी ५० ने घेतले, तर सरकणारा भार ६०० किलोंच्या वर जातो. वेग चतुर्थांशाने वाढला, पण भार निम्म्याहून अधिक वाढला, कारण आडवे त्वरण वेगाच्या वर्गाने वाढते.

बाहेरच्या टायरवर भार वाढला तर त्याची पकडही वाढेल आणि आतल्याची कमी होईल, म्हणजे बेरीज तीच राहील, असे वाटणे साहजिक आहे. पण रबर या हिशेबाने चालत नाही. भार दुप्पट केला तर आडवे बल दुपटीपेक्षा कमीच वाढते. त्यामुळे एकाच आसावरच्या दोन चाकांत भार जितका असमान वाटला जाईल, तितकी त्या आसाची एकूण पकड घटते. उंच गाडी वळणात कमकुवत ठरते ती या एका गुणधर्मामुळे, आणि पुढच्या-मागच्या अँटी-रोल बारची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून कल रोखणाऱ्या दांड्याची, जाडी बदलून गाडी पुढून निसटेल की मागून हे कंपन्या ठरवतात तेही याच गुणधर्माच्या आधारे. म्हणून केवळ कल कमी व्हावा या हेतूने बाजारातून मागचा बार जाड करून घेणे हा प्रयोग कुणी करू नये. कल कमी होतो, पण मागच्या आसाची पकड आधी संपते आणि गाडी गिरकी घेते.

कलंडण्याच्या धोक्यासाठी अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था एक साधे गुणोत्तर वापरते : चाकांमधले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. साध्या मोटारींसाठी ते १.३ ते १.५ आणि उंच गाड्यांसाठी १.० ते १.३ च्या दरम्यान येते. वरच्या आकड्यांनी आमच्यासारख्या गाडीचे गुणोत्तर १.०९ निघते. नव्या टायरांनी गाडी १३ मिलिमीटर उचलली, त्याने ते १.०७ झाले, म्हणजे फरक आहे, पण घाबरून जावे इतका नाही. उलट बागेतून येताना मी टपावरच्या कॅरिअरवर ६० किलोचे सामान बांधतो, तेव्हा हाच आकडा १.०१ च्या आसपास उतरतो. हे गणित कागदावर मांडले तेव्हा टायरांवरचा माझा निम्मा राग उतरला, आणि तेव्हापासून काजूची पोती मागच्या आसनांवरून प्रवास करू लागली.

या गुणोत्तरात एक बारकावा दडलेला आहे, जो टायर विकणारे कधी सांगत नाहीत आणि घेणाऱ्यांना ऐकायला आवडत नाही. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायरची घर्षणाची मर्यादा साधारण ०.८ ते ०.९ असते. गाडीचे गुणोत्तर त्यापेक्षा मोठे असेल, तर अतिवेगात गाडी आधी घसरते, पालथी होत नाही. घसरणे वाईटच, पण पालथे होण्यापेक्षा बरे. मात्र स्प्रिंगांवर कललेली गाडी आणि दबलेली टायरची कड यांमुळे खरी मर्यादा कागदावरच्या आकड्यापेक्षा खाली येते, आणि उंच, लादलेल्या गाडीला फार पकडीचे टायर बसवत गेलो तर घसरण्याची आणि पालथे होण्याची अशा या दोन मर्यादा एकमेकींजवळ सरकतात. जे बल गाडीला वळवते, तेच तिला कलंडवते. अर्थात सपाट रस्त्यावर केवळ पकडीने उलटणाऱ्या गाड्या थोड्याच असतात. एकट्या गाडीच्या बहुतेक उलटण्यात चाक कडेच्या मातीत रुतते, दगडाला किंवा दुभाजकाला अडते, आणि मग गाडी उलटते. पण गाडी तिथपर्यंत आडवी जाते ती आधी टायरवरचा ताबा सुटल्यामुळेच.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९७ सालचे आहे. स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने, रस्त्यात अचानक सांबरासारखा मोठा प्राणी आल्यावर जसे झटक्यात बाजूला होऊन परत यावे लागते तशा चाचणीत, मर्सिडीजची नवी आणि उंच ए-क्लास चालवली, आणि ती उलटली. कंपनीने निलंबन-व्यवस्थेत (सस्पेन्शनमध्ये) बदल केले आणि तोवर महागड्या गाड्यांपुरती असलेली इलेक्ट्रॉनिक स्थैर्य प्रणाली या लहान गाडीत सरसकट दिली. ही प्रणाली नेमके काय करते, हे टायरच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गाडी उलटण्याची चिन्हे दिसताच ती बहुधा बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावते. टायरची एकूण पकड ठरावीक असते. ती ब्रेककडे खर्च झाली की आडव्या बलासाठी कमी उरते, वेग उतरतो, आणि गाडी आत वळण्याऐवजी थोडी बाहेर सरकते. म्हणजे गाडी वाचवण्यासाठी ही यंत्रणा मुद्दाम पकड कमी करते! माझ्या गाडीत ही प्रणाली आहे, आणि चारही टायर एकाच मापाचे असल्याने मोठ्या मापाचा तिला त्रास झाला नाही; पण स्टेपनी जुन्याच मापाची राहिली होती, आणि ती लावून लांबचा पल्ला गाठणे शहाणपणाचे नव्हते, कारण चार चाकांच्या वेगांतला फरक हा या यंत्रणेचा एक महत्त्वाचा आधार असतो.

हवेबद्दल दुकानाने दिलेला सल्लाही नोंदवून ठेवतो. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत ३२ पीएसआय लिहिलेले असताना त्यांनी २८ भरली, कारण "मोठा टायर आहे, कमी हवेत मऊ बसतो." मऊ बसतो हे खरे, पण त्याच मऊपणाने कड आणखी लवते आणि तापते. फोर्ड एक्सप्लोररचे प्रकरण विसरता कामा नये. फोर्डने त्या गाडीसाठी २६ पीएसआयची शिफारस केली होती, टायर बनवणाऱ्या फायरस्टोनने नंतर ३० चा आग्रह धरला, आणि वेगात टायरची वरची पट्टी सुटून उंच गाड्या उलटल्याने दोनशेहून अधिक माणसे गेली. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत मागवले गेले. त्यात टायरच्या बांधणीचा दोष होता, गाडीच्या उंचीचा होता की हवेचा, यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या. मला वाटते की तिन्ही गोष्टी एकाच वाहनात एकत्र आल्या, हाच मुद्दा होता. मी ३३ भरू लागलो, तसा स्टिअरिंगचा ढिलेपणा जाणवण्याइतका कमी झाला, पण गेला नाही. समृद्धी महामार्गावर शिर्डीहून नागपूरकडे जाताना आडव्या वाऱ्यात तो पुन्हा भेटला : सरळ रस्त्यावर तासभर सतत बारीक बारीक दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि खांदे भरून आले.

नवव्या महिन्यात एका टायरला फुगा आला. तो दगडाचा नव्हे, महामार्गावरच्या खड्ड्याचा प्रसाद होता. जोडीने दोन नवे घेतले, आणि तिथे वाद झाला. दुकानातला मुलगा म्हणाला, "पुढंच झीज जास्त होते, नवीन पुढं टाकतो, सगळेच टाकतात." सगळे टाकतात हे खरे आहे आणि ते चुकीचे आहे. पुढची पकड आधी संपली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते, पाय उचलला की बहुधा आटोक्यात येते. मागची पकड आधी संपली तर ओल्या रस्त्यावर मागचा भाग पुढे येतो, आणि सामान्य चालकाच्या हातात त्यावर इलाज नसतो. खोल नक्षी मागेच हवी. पंधरा मिनिटांच्या चर्चेनंतर त्याने "तुमची गाडी आहे" म्हणत ते मागे बसवले.

शेवटी उतरवताना पुढच्या दोन टायरांची नक्षी मापली. मधल्या पट्ट्यात साडेतीन मिलिमीटर झीज होती, बाहेरच्या खांद्यावर साडेपाच. अलाइनमेंट दोनदा तपासलेले होते, तेव्हा ही खूण घाटाची आहे : कललेली गाडी बाहेरच्या चाकाला त्याच्या काठावर उभे करते, आणि उंच, लवचीक ठोकळे तिथेच घासले जातात. किराणा दुकानाच्या काट्यावर तोलले, तर झिजल्यानंतरही एकेक टायर मूळच्यापेक्षा तीन किलोंनी जड भरला.

आता गाडीला पुन्हा मूळ मापाचे, पण जाड कडेचे हायवे टायर आहेत. घाटात हात आणि गाडी यांचे पुन्हा जमू लागले आहे. बागेच्या चढावर पावसात एकदा ट्रॅक्टर बोलवावा लागला. ऑल-टेरेन टायरला मी उत्पादन म्हणून पाचपैकी चार गुण देईन, माझ्या वापरासाठी दोन, आणि बसवणाऱ्या सेवेला एकच. ज्यांचा निम्म्याहून अधिक प्रवास मातीत आणि ताशी ५० च्या आत होतो, त्यांनी ते जरूर घ्यावेत, पण कंपनीने दिलेल्याच मापात.

माझे उतरवलेले चारही टायर पाटणजवळच्या एका रोपवाटिकेच्या मालकांनी घेतले. त्यांची गाडी वाफ्यांमधून आणि डोंगरातल्या कच्च्या वाटांवर फिरते. भाव ठरवण्याआधी मी त्यांच्या गाडीखाली वाकून रिमवरचा ठसा पाहिला. तो साडेसात इंचांचा होता.